तट नसलेला किल्ला

अमेरिकेतील फोर्ट लॅरामी पाहायला जाताना सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय बाजूला ठेवावी लागते. वायोमिंग राज्याच्या पूर्व भागात, लॅरामी आणि नॉर्थ प्लॅट या नद्यांच्या संगमाजवळ हे ठाणे आहे. तिथे तट नाही, बुरूज नाही, खंदक नाही. परेडचे मोकळे मैदान, भोवती बराक, अधिकाऱ्यांची घरे आणि छप्पर गेलेल्या काही पांढुरक्या भिंती, एवढेच. महादरवाजापासून छायाचित्रे काढायला सुरुवात करायची ही माझी जुनी रीत. इथे दरवाजाच नव्हता. दिवसभर फिरून पुष्कळ छायाचित्रे काढली. मग प्रश्न पडला, की बिनतटाच्या या जागेला बळ कशाचे होते?

सुरुवातीला इथे मेढेकोट होता. १८३४ मध्ये विल्यम सब्लेट आणि रॉबर्ट कॅम्पबेल या केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी ओंडके रोवून तो उभारला. १८४१ मध्ये त्याच्या जागी कच्च्या विटांची गढी आली. पुढे ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या गाड्यांची रीघ लागली, आणि १८४९ मध्ये अमेरिकी सैन्याने ही गढी ४,००० डॉलरला विकत घेतली. कालांतराने गढी मोडली. नवा तट मात्र लष्कराने बांधला नाही. वाटेवर वचक ठेवणे, रसद साठवणे आणि मूलनिवासी जमातींशी बोलणी करणे, ही या ठाण्याची कामे होती. त्यांतले तिसरे काम सर्वांत दूरवर पोचले.

१८५१ च्या पहिल्या तहासाठी सुमारे १०,००० मूलनिवासी इथे जमले. घोड्यांना गवत पुरेना, म्हणून बैठक नदीच्या खालच्या अंगाला हॉर्स क्रीकच्या काठी हलवावी लागली. त्यांनी वाटसरूंना जाऊ द्यावे, बदल्यात सरकारने ५० वर्षे दरसाल ५०,००० डॉलरचा माल द्यावा, असे ठरले. पुढे सिनेटने त्या ५० वर्षांची १० केली. तीनच वर्षांनी एका वाटसरूची गाय एका लाकोटाने मारली, तेव्हा लेफ्टनंट ग्रॅटन २९ सैनिक आणि तोफा घेऊन लाकोटा वस्तीवर गेला. तिथे झालेल्या गोळीबारात कॉन्करिंग बेअर हा लाकोटांचा पुढारी प्राणघातक जखमी झाला आणि ग्रॅटनची तुकडी कापली गेली. एका गायीवरून शांततेचा करार फाटला.

दुसरा तह १८६८ चा. माँटानातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर सैन्याने ठाणी बसवली होती. रेड क्लाउड या लाकोटा नेत्याने दोन वर्षे लढून ती जेरीस आणली. पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, हे आपल्याला पाठ असते. इथे किल्ले सोडण्याची वेळ अमेरिकी सरकारवर आली. ठाणी रिकामी झाल्यावरच, नोव्हेंबरमध्ये, रेड क्लाउड फोर्ट लॅरामीला आला आणि त्याने तहाला मान्यता दिली. मिसुरी नदीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख, त्यातच ब्लॅक हिल्सचे डोंगर, सू लोकांकडे राहील. त्यातली जमीन पुढे घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असे त्यात लिहिले होते.

या तहाच्या वेळी अलेक्झांडर गार्डनर हा छायाचित्रकार ठाण्यावर होता. त्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात सरकारचे सहा प्रतिनिधी ओळीने उभे आहेत. त्यांत जनरल शर्मनही आहे. मधोमध घोंगडी पांघरलेली एक मूलनिवासी मुलगी आहे. सहाही पुरुषांची नावे नोंदली गेली, तिचे नोंदले गेले नाही. शंभराहून अधिक वर्षांनी तिची ओळख पटली: सोफी मूसो. मार्था सँडवाइस या इतिहासकार बाईंनी तिच्यावर अख्खे पुस्तक लिहिले आहे. जुने छायाचित्र हाती आले की आधी तळटीप वाचायची, ही आपली सवय. तळटिपेत कोण नाही, हेही पाहायला हवे.

१८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली. आता ठाण्यापासून थोड्या अंतरावरचा लोखंडी पूल पाहा. सैन्याने १८७५ मध्ये नॉर्थ प्लॅटवर तो बांधायला घेतला, आणि शायेनहून डेडवूडच्या सोन्याकडे जाणारी वाहतूक त्यावरून सुरू झाली. जमीन सरकारकडे घेण्याचा कायदा मात्र १८७७ चा, आणि त्यामागे तीन चतुर्थांश सोडाच, एक दशांशाच्या आसपासच सह्या होत्या. ज्या ठाण्याने तहाची साक्ष दिली, त्याच्याच पुलावरून तह मोडणाऱ्यांच्या गाड्या गेल्या.

१८९० मध्ये सैन्य निघून गेले आणि इमारतींचा लिलाव झाला. १९३८ मध्ये जागा राष्ट्रीय स्मारक झाली. तहाचा कागद मात्र निकालात निघाला नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स घेतल्याबद्दल व्याजासह सुमारे १०.५ कोटी डॉलरची भरपाई कायम केली. सू लोकांनी ती घेतली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत, पैसे नकोत. न उचललेली ती रक्कम वाढत वाढत १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

फोर्ट लॅरामीला जाणारे बहुतेक जण 'ओल्ड बेडलम' या १८४९ च्या दुमजली घराचे छायाचित्र काढतात. राज्यातल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्याची गणना होते आणि ते दिसतेही देखणे; मीही काढले. या लेखासोबत छापण्यासाठी मात्र मी लोखंडी पुलाचे छायाचित्र पाठवले आहे.