पातळ रक्ताची गोष्ट

आमच्या महाड-पोलादपूरकडे पूर्वी एखाद्या घराला नाव ठेवायचे झाले तर तीन गोष्टी पुरत. त्या घरात वेड आहे, कोड आहे, किंवा त्या घरच्या पोरींचे रक्त पातळ आहे. पहिल्या दोहोंची कुजबूज होई. तिसरी गोष्ट मात्र भर ओटीवर, सुपारी कातरता कातरता बोलली जाई. गरोदर बाई सहाव्या-सातव्या महिन्यात पांढरीफटक पडायची, पायांवर सूज यायची, चार पायऱ्या चढताना धाप लागायची, आणि बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या आठवड्यात कारभार आटपायचा. वैद्य पांडुरोग म्हणत, सासर म्हणे, ‘माहेरचंच रक्त पातळ.’ माझी एक चुलत आजी अशीच परळच्या चाळीत गेली. तिच्यामागून तिच्या दोन धाकट्या बहिणींची लग्ने चार वर्षे अडून राहिली होती, असे माझी आई सांगे. रक्ताचा दोष म्हटल्यावर त्यावर अपील कोणाकडे करायचे?

या पातळ रक्ताचा इतिहास लिहावा असे पुष्कळ दिवस मनात घोळत होते. वैद्यकाच्या जागतिक इतिहासातला तो एक मोठा अध्याय आहे, आणि त्याचे पहिले पान मुंबईत, आपल्याच माणसांनी भरलेल्या गिरणगावात लिहिले गेले. वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

आधी आमच्या मुलखाविषयी दोन शब्द. महाड सावित्रीच्या काठी, पोलादपूर महाबळेश्वरच्या पायथ्याशी. पाऊस शंभर इंचांहून अधिक, जमीन उताराची, आणि पोटाला पुरेल असे शेत मोजक्यांचे. खालच्या खाचरांत भात, वरच्या वरकसात नाचणी आणि वरी, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल आणि कुळीथ. एवढ्यावर वर्ष निघत नसे. म्हणून पुरुष मचव्याने बाणकोटाकडे आणि तिथून आगबोटीने मुंबईला जात, भाऊच्या धक्क्यावर उतरत आणि गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकून गिरणीत लागत. रत्नागिरी आणि कुलाबा (१९८१ पासून त्याला आपण रायगड म्हणतो) या दोन जिल्ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना किती मनगटे पुरवली त्याला गणती नाही. काहींच्या बायकाही मागून गेल्या. त्यांतल्या कित्येक रिळिंग-वायंडिंगच्या खात्यांत उभ्या राहिल्या.

गावी राहिलेली बाई गरीब असली तरी पावसाळा सुरू होताच टाकळा, कुरडू, भारंगी, अळू यांना फक्त वाकायचाच खर्च पडे. चाळीतल्या बाईला भाजीची जुडी विकत घ्यावी लागे. मग घरधन्याच्या आणि खोलीतल्या चार गडीमाणसांच्या पानात आधी वाढून, तिच्या वाट्याला उरे तो भात, पातळ आमटी आणि सुकटीचा तुकडा. कोथिंबिरीच्या काडीलादेखील पैसा मोजावा लागतो, हे मुंबईचे पहिले आश्चर्य म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या कितीतरी वर्षे सांगत असत.

आता साल पाहा. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. त्याच वर्षीच्या जुलैत कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची पगारी विश्रांती मिळावी या विधेयकाच्या बाजूने आंबेडकर मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. आणि त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाची चाळिशीची एक इंग्रज डॉक्टरीण परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये येऊन दाखल झाली.

विल्सबाईंनी केंब्रिजला आधी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र यांचा अभ्यास केला होता. वैद्यकाकडे त्या पुढे वळल्या आणि १९२० साली डॉक्टर झाल्या. बाळंतिणी इतक्या का दगावतात याची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने चालवली होती. त्या कामात असलेल्या डॉ. मार्गारेट बॅलफूर यांनी त्यांना बोलावून घेतले. गरोदरपणातल्या ज्या पांडुरोगात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटतात आणि आकाराने मात्र भलत्याच फुगतात, तो रोग त्यांच्या वाट्याला आला.

त्यांची कामाची रीत मला फार आवडते. रक्त तपासून झाल्यावर त्या बाईच्या घरात काय शिजते ते पाहायला निघत. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतल्या बायकांचे खाणे, राहणे, उजेड-वारा यांची पाहणी केली आणि ती १९३० साली छापली. रोगाविषयीचा पहिला अहवाल मेहता या सहकाऱ्यासह निघाला होता. हा रोग गरिबांत अधिक, आणि ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध जवळजवळ नाही अशांत विशेष, असे दिसले. मग त्यांनी तसलेच निकृष्ट अन्न उंदरांना घातले. उंदीर पांढरे पडले खरे. पण त्यांच्या अंगावरच्या उवांतून शिरलेल्या एका जंतूचाही त्यात हात निघाला आणि सगळा हिशेब विस्कटला. पुढे माकडांवर प्रयोग झाले. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे देऊन पाहिली, गुण आला नाही. अखेरीस एका रोगी माकडाला मार्माइट चारले, आणि ते सुधारले.

मार्माइट म्हणजे बीअर गाळून तळाशी उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. (चवीबद्दल मी काही बोलत नाही, एकदाच चाखला आहे.) त्या वेळी पांडुरोगावर काळीज खाऊ घालण्याचा उपाय अमेरिकेत नुकताच सापडला होता. पण काळीज महाग, आणि कित्येकींना न चालणारे. मार्माइट मात्र स्वस्त होते. गिरणगावच्या बायकांना ते देताच थोड्याच दिवसांत नव्या पेशी रक्तात दिसू लागल्या, भूक परतली, धाप ओसरली. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तान्त आला. त्या अर्कातल्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असेच म्हणू लागले. वैद्यकीय निबंधात रोग्यांची नावे छापण्याचा रिवाज नाही. त्यामुळे ज्यांच्या रक्तातून हा शोध लागला त्यांच्यात आमच्या सावित्रीखोऱ्यातली कोणी होती का, ते कागदावर येणार नव्हतेच. मी तेवढ्यापुरते आपल्या मनाशी हो म्हणून ठेवले आहे.

त्या घटकाला नाव मिळाले १९४१ मध्ये. टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालक कुटून त्यातून ते द्रव्य चिमूटभर काढले, आणि लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात म्हणून त्याला फोलिक आम्ल म्हटले. शुद्ध स्वरूपात ते कारखान्यात घडवले गेले १९४५ साली, अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या घरी संग्रहणीने माणसे गेली होती, स्वतः तेही त्या दुखण्यातून वाचले होते. आणि फोलिक आम्लाचा गुण संग्रहणीच्या पांडुरोगालाही येतो असे त्याच सुमारास सिद्ध झाले. पुढे त्यांच्याच मंडळींनी फोलिक आम्लासारखे दिसणारे पण त्याचे काम अडवणारे औषध तयार केले. त्याने रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांचा रोग काही काळ मागे हटतो, हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये दाखवले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले.

हे द्रव्य शरीरात करते तरी काय? सावित्रीतला मचवा डोळ्यांपुढे आणा. कार्बनचा एकेक अणू एका धक्क्यावरून उचलायचा आणि दुसऱ्यावर उतरवायचा, एवढेच फोलेटचे काम. त्या मालातून पेशीची नवी जनुकद्रव्ये बांधली जातात. मचवे कमी पडले की पेशी फुगते पण दुभंगत नाही. विल्सबाईंना दिसलेल्या त्या अवजड पेशी त्या याच. गर्भात तर पेशींची दुभंगण्याची घाई विलक्षण. पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटावी लागते. न मिटली तर मूल उघड्या कण्याचे किंवा कवटीवाचून जन्मते. आईच्या फोलेटशी याचा संबंध असावा ही शंका लिव्हरपूलच्या एलिझाबेथ हिबार्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये मांडली. ज्यांना असे एक मूल पूर्वी झाले होते अशा स्त्रियांना फोलिक आम्ल दिले तर पुन्हा तसे होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीने दाखवले. नियोजित मुदतीआधीच ती चाचणी थांबवली, इतका फरक ढळढळीत होता.

आणि इथे जनुकांचा प्रवेश होतो. पुरेसे फोलेट खाऊनही सर्वांना ते सारखे का लागू पडत नाही, याचे एक उत्तर १९९५ साली मॉन्ट्रियलच्या रीमा रोझेन यांच्या प्रयोगशाळेतून आले. मचव्याचा माल शेवटच्या धक्क्यासाठी तयार करणारे एक विकर आहे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे एमटीएचएफआर. त्याच्या जनुकात ६७७ व्या जागी एक अक्षर बदललेले असले तर ते विकर जरा ढिले होते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ही प्रत आली तर त्याचे बळ साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. मग रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचते, आणि कण्याच्या व्यंगाचा धोका काहीसा वाढतो. हृदयविकाराचेही खापर याच होमोसिस्टीनवर बरीच वर्षे फोडले गेले. पण ते गोळ्यांनी उतरवून हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे मोठ्या चाचण्यांतून पाहिले, तेव्हा २००६ साली उत्तर नकारार्थी आले.

या बदलाची एक गंमत अशी की त्याचा उपद्रव ताटावर अवलंबून आहे. दोन्ही प्रती बदललेल्या, पण फोलेट भरपूर खाणाऱ्या माणसांचे होमोसिस्टीन इतरांसारखेच राहते, असे अमेरिकेत १९९६ साली दिसले. ढिल्या विकराला फोलेट आधार देऊन धरून ठेवते. इतकेच काय, फोलेट पुरेसे असेल तर याच प्रतींच्या माणसांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा याला दोष म्हणावे की नुसता वेगळेपणा, हे आधी घरातला डबा पाहून ठरवावे.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतो आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलीचा पहिला गर्भ पडला. कोणीतरी रक्त एका खाजगी प्रयोगशाळेत पाठवले आणि अहवालात या बदलाची एक प्रत निघाली. एकच प्रत, जी जगात कोट्यवधी धडधाकट माणसांत असते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी कागद पाहिला मात्र, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, ‘बघा, म्हणत नव्हतो? माहेरचं रक्त!’ ओटीवरची सुपारी गेली, अडकित्ता गेला, आणि तोच निवाडा आता गुळगुळीत कागदावर छापून आला. अमेरिकेतल्या जनुकवैद्यांच्या संस्थेने २०१३ सालीच सांगून ठेवले आहे की वारंवार गर्भ पडतो म्हणून ही चाचणी सरसकट करू नये, तिच्यातून उपचार काही बदलत नाही. त्या मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितले. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बारावे जीवनसत्त्व, म्हणजे ब-१२, तपासायला लावले. ते तळाला गेलेले होते.

त्याला कारण आहे, आणि ते पुण्याच्या कामातून कळलेले आहे. घाटापलीकडे, पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी शेकडो गरोदर बायकांची पाहणी केली. पालेभाजी, फळे वारंवार खाणाऱ्या आयांची मुले जन्मताना अधिक भरलेली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण पुढे असेही दिसले की या बायकांत खरी उणीव ब-१२ ची आहे, कारण दूध-मांस-मासळी ताटात कमी. फोलेट भरपूर आणि ब-१२ अपुरे अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक होती, हे २००८ चे निष्कर्ष. कण्याच्या व्यंगाच्या मुलांच्या आयांचा महाराष्ट्रात अभ्यास झाला, तेव्हाही पाश्चात्त्यांत गाजलेला ६७७ वा बदल बाजूला राहिला आणि ब-१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल पुढे आला. तो जगजाहीर बदल आपल्या लोकांत मुळात युरोपीयांपेक्षा कमी आढळतो. तिकडचा कागद इकडे आणून वाचताना एवढे भान हवेच.

मचव्याचा माल ब-१२ च्या धक्क्यावरच उतरायचा असतो; तो धक्का मोडलेला असेल तर मचवे वाढवून काय उपयोग? विल्सबाईंच्या बायकांना मार्माइटने गुण आला, कारण त्यांना उणीव फोलेटची होती. नुसत्या फोलिक आम्लाने रक्त सुधारले तरी ब-१२ च्या अभावाने मज्जातंतू आतून झिजत राहू शकतात. म्हणून दोन्ही पाहावे लागते.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर आज आशाताई लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटे पोचवतात. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गरोदरपणी ती १८० दिवस घ्यायची. बायका ती कधी खातात, कधी मळमळते म्हणून कोनाड्यात ठेवतात. पण अडचण निराळीच आहे. बाई आपले नाव नोंदवते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तोवर ते अठ्ठावीस दिवस होऊन गेलेले असतात. म्हणून मूल हवे असे ठरले की त्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही गोष्ट लग्नाच्या याद्या होतात तेव्हाच सांगायला हवी. आमच्या नात्यातल्या त्या मुलीने ब-१२ ची इंजेक्शने घेतली, फोलिकची गोळी चालू ठेवली, आणि गेल्या आषाढात पोलादपूरला आली तेव्हा सासूनेच तिच्यासाठी टाकळा खुडून आणला होता. वालाच्या बिरड्याबरोबर. भाजीचे पाणी मात्र सासू ओतून देणार होती; फोलेट त्या पाण्यात उतरते, म्हणून ते आमटीत घालायला मी सांगितले.