जवसाचं तेल प्यालेल्या फळ्या

आखाडा बाळापूर हे नांदेड–हिंगोली रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं गाव. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला जवस आणि करडई, पलीकडे किनवटच्या जंगलात सागवान. लाकूड आणि ते राखणारं तेल, दोन्ही हाताशी.

सगळीच तेलं मात्र फळीच्या कामाची नसतात. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लाकडाच्या रेषांत मुरतं. शेंगदाण्याचं तेल चिकटच राहतं, धूळ धरतं. स्वयंपाकघरातली बाटली उचलणाऱ्यांची फसगत होते ती इथेच! कच्चं जवस तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, म्हणून जुने रंगारी ते मुरदाडशिंग घालून उकळत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म, विषारी. पुढे त्याची जागा मँगनीज आणि कोबाल्टच्या क्षारांनी घेतली.

या तेलाचं खरं मोठेपण दुरुस्तीत आहे. वॉर्निशचा पापुद्रा सुटला की अनेकदा सगळी फळी खरवडावी लागते. तेलाच्या फळीवर तांब्याचा ओला डाग पडला, तर तेवढाच भाग बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल पुसून घ्यायचं. जाड थर दिला की तो सुरकुततो.

पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात.