नऊ हजार वर्षांचा भाडेपट्टा

शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाला आपण भाग्यवान समजतो. पण डब्लिन शहरी आर्थर गिनेस नावाच्या गृहस्थाने ३१ डिसेंबर १७५९ रोजी सेंट जेम्सेस गेट येथील बिअरचा एक पडीक कारखाना तब्बल नऊ हजार वर्षांच्या कराराने भाड्याने घेतला! भाडे, वर्षाला ४५ पौंड. ह्या आशावादाला हसावे की नमस्कार करावा?

मी मद्याचा पुरस्कर्ता नव्हे. मला कुतूहल आहे ते त्या कारखान्यातील माणसांचे. १८८६ साली कंपनीचे भाग लंडनच्या बाजारात विक्रीस आले, तेव्हा जगातल्या मोठ्या बिअर कारखान्यांत तिची गणना होत होती. गिनेसची नोकरी मिळाली की डब्लिनचा मजूर सुखावे. पगार इतरांपेक्षा बरा, दवाखाना कंपनीचा, म्हातारपणी निवृत्तिवेतन आणि रोज दोन पाइंट बिअर फुकट!

तरीही मजुरांच्या घरांत क्षय ठाण मांडून बसलाच होता. म्हणून कंपनीचे डॉक्टर जॉन लम्सडेन १९०० सालच्या अखेरीस कामगारांच्या बिऱ्हाडी जाऊ लागले. दोनएक महिन्यांत त्यांनी सतराशेहून अधिक घरे पाहिली. कोंदट खोल्या, एकाच खोलीत सारे कुटुंब. रोगाचे मूळ त्यांना औषधाच्या बाटलीत नव्हे, तर राहणीत दिसले. बायकांसाठी स्वयंपाकाचे वर्ग, व्याख्याने, चांगली घरे, असे उपाय त्यांनी सुचविले. त्यांपैकी काही अमलातही आले. पहिल्या महायुद्धात आठशेहून अधिक कामगार सैन्यात गेले, तेव्हा कंपनीने त्यांच्या घरी अर्धा पगार पोचविला आणि जागा राखून ठेवल्या.

हा निव्वळ दयाधर्म होता काय? नव्हे. आजारी माणसाचा भार अखेर कंपनीवरच पडे, आणि मुरलेला कामगार टिकला तर मालही टिके. त्यात हिशेब होता; पण माणुसकीला हिशेबाची जोड मिळाली म्हणून ती खोटी ठरते, असे मला वाटत नाही.

खोट दुसरीकडे होती. मजूर बहुतांशी कॅथलिक, पण वरच्या जागा दीर्घकाळ प्रोटेस्टंटांच्याच हाती राहिल्या. पोटाला घालणारा हात दार मात्र उघडीत नव्हता.

आणि दार उघडलेल्यांचे तरी काय? विल्यम गॉसेट हा रसायनशास्त्राचा तरुण १८९९ साली तेथे लागला. बार्लीचे मोजके नमुने तपासून साऱ्या पिकाविषयी कितपत खात्रीने बोलावे, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने शोधले. परंतु स्वतःच्या नावाने लिहिण्यास कंपनीची मनाई! १९०८ साली तो निबंध छापला गेला तो ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, ह्या टोपणनावाने.

पुढे कारखाना लंडनला गेला, नायजेरियाला गेला. १९९७ साली एका मोठ्या विलीनीकरणातून ‘डियाजिओ’ ही जागतिक कंपनी जन्मली. लंडनचा तो १९३६ सालचा कारखाना २००५ साली बंदही झाला. पण ‘स्टुडंट’ची कसोटी आपल्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मुले आज शिकतात.

मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. ते गणित मला झेपणारे नव्हे. एवढे मात्र कळते, की कंपनीने माणसाला घर दिले, औषध दिले, पेन्शन दिली. त्याचे नाव तेवढे स्वतःकडे ठेवून घेतले. नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्यात ह्या भाड्याचा उल्लेख कोठेच नव्हता.