रोटाव्हायरसची लस तोंडातून का देतात?

शिरूर तालुक्यातल्या वढूचं केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर, दिल्ली आणि वेल्लोर. रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी २०११ पासून या तीन ठिकाणी झाली. त्यात ६,७९९ बाळं होती. लस घेतलेल्या बाळांमध्ये रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्क्यांनी कमी दिसले.

तोंडातूनच का?
कारण लढाई आतड्याच्या अस्तरात होते. विषाणू शिरलेली पेशी एडीपी हे रसायन सोडते. त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियमची लाट उठते आणि जुलाब वाढतात. त्याच वेळी इंटरफेरॉनचे संदेश इतर पेशींना सावध करतात. खालच्या स्टेम सेलना नव्या पेशी बनवण्याचा निरोप जातो. एरवीही हे अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. लसीतला कमकुवत विषाणू याच अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देतो.

तुम्ही काय कराल?
सरकारी लसीकरणात हे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळतात. तरीही जुलाब झाले तर ओआरएस द्या, अंगावरचं दूध सुरू ठेवा, झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. बाळ सुस्त झालं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.