घरातली बाब

1890 सालच्या जुलै महिन्यात कलकत्त्याच्या हायकोर्टात हरिमोहन मैती नावाच्या माणसावर खटला चालला. मयत होती त्याची बायको, फुलमणी दासी. वय दहा पूर्ण, अकराच्या आसपास. नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीनंतर रक्तस्राव होऊन ती गेली. घरातल्या बायकांनी साक्षी दिल्या, डॉक्टरांनी दिल्या, आणि काय घडलं याविषयी कोर्टाला फारशी शंका उरली नाही. प्रश्न वेगळाच होता. 1860 च्या दंडसंहितेतल्या 375 व्या कलमाप्रमाणे नवऱ्यावर बलात्काराचा आरोप ठेवायचा तर बायको दहा वर्षांच्या आतली असायला हवी. फुलमणी त्या रेषेपलीकडे गेली होती.

न्यायमूर्ती विल्सन यांच्यापुढे मग उरलं ते 338 वं कलम: बेपर्वाईच्या कृत्याने दुसऱ्याला जबर दुखापत करणे. रस्त्यावर भरधाव गाडी हाकून कुणाचा पाय मोडला तर पुढे ज्या कलमाखाली खटले भरले जात, तेच हे कलम. हरिमोहनला बारा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या खटल्याचं नाव आपल्याकडच्या इतिहासात संमतिवयाच्या वादाच्या संदर्भात एखाद्या ओळीत येतं. पुढची पानं टिळक, आगरकर, भांडारकर, मलबारी यांची असतात. ते साहजिक आहे, कारण वाद त्यांनीच घातला. पण ती पानं वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं, ती वादाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसेनाशी होते.

सर अँड्र्यू स्कोबल यांनी 9 जानेवारी 1891 रोजी विधेयक मांडलं. मागणी इतकीच, की दहाच्या जागी बारा करावेत. लग्नाच्या वयाला हात लावलेला नव्हता. मुंबईत 'इंडियन स्पेक्टेटर' चालवणारे बेहरामजी मलबारी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. ते पारशी, म्हणून हिंदूंच्या घरात नाक खुपसणारा हा कोण, हे त्यांना वारंवार ऐकावं लागलं. पुण्यात 'केसरी'ने विरोध केला, 'सुधारका'तून आगरकरांनी पाठिंबा दिला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी स्मृतिग्रंथ काढून दाखवलं, की गर्भाधान पहिल्याच ऋतुकाळी झालं पाहिजे अशी सक्ती शास्त्रात नाही. टिळकांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. मग वचनांचे अर्थ, टीकाकारांची मतं, विधी की अनुज्ञा, असा तो वाद विद्वत्तेच्या अंगाने रंगत गेला. भांडारकरांची बाजू मला आजही भक्कम वाटते. पण शास्त्राने परवानगी दिली नसती तर काय, हा प्रश्न त्या बाजूनेही फारसा विचारला नाही.

टिळकांवर अन्याय नको. मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचं विसाच्या आत करू नये, अशा कलमांची स्वेच्छेने पाळायची योजना त्यांनी स्वतः 1890 मध्ये पुढे केली होती. म्हणजे वयाबद्दल त्यांचं मत विधेयकाच्या पुढेच होतं. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने घरात शिरण्याला होता. परकं सरकार एकदा माजघरात आलं की कुठे थांबेल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. अडचण एवढीच, की स्वेच्छेच्या योजनेत स्वेच्छा बापाची आणि नवऱ्याची. दहा वर्षांच्या मुलीला त्या कागदावर सही करायला जागा नव्हती.

याच्या थोडंच आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. न्यायमूर्ती फॅरन यांनी 1887 मध्ये सांगितलं, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. रखमाबाईंना वर्तमानपत्रात लिहिता येत होतं, पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर होतं. फुलमणीच्या वयाच्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. तिच्याविषयी बोललं कुणी तर हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी. मिसेस मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पन्नासांहून अधिक डॉक्टर बायकांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि त्यासोबत आपण स्वतः पाहिलेल्या अशा मुलींची यादी जोडली: जखमा, लुळेपणा, मृत्यू. त्या सगळ्या वादातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा कागद. त्यात एकही संस्कृत वचन नाही.

19 मार्च 1891 रोजी कायदा झाला.

आता साहेबाच्या घरात डोकावू. हिंदुस्थानच्या मागासलेपणावर लंडनची वर्तमानपत्रं तेव्हा सढळ हाताने लिहीत होती. पण खुद्द इंग्लंडात जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा 1822 चा, गिरण्यांतल्या पोरांच्या कामाचे तास बांधणारा 1833 चा, आणि स्वतःच्या घरात आईबापांकडून छळल्या जाणाऱ्या मुलाला सोडवण्याचा अधिकार देणारा कायदा 1889 चा. गिरणीतल्या पोरांसाठी आयुष्य वेचलेले लॉर्ड शाफ्ट्सबरीसुद्धा 1871 मध्ये असंच मानत होते, की घरातला छळ ही इतकी खाजगी, आतली बाब आहे की कायद्याचा हात तिथे पोहोचणार नाही. पुण्याच्या एखाद्या सभेत हे मराठीतून सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. फरक इतकाच, की तिथे आडवा आला तो धर्म नव्हता, इंग्रज गृहस्थाचं घर म्हणजे त्याचा किल्ला ही समजूत होती.

न्यूयॉर्कची गोष्ट अधिक ठाऊक आहे, आणि बहुधा चुकीची ठाऊक आहे. 1874 मध्ये एका गरीब वस्तीतल्या खोलीत मेरी एलन नावाची दहा वर्षांची मुलगी सापडली. तिला सांभाळणारी मेरी कॉनली तिला जवळजवळ रोज चाबकाने मारी. चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. एटा व्हीलर ही धर्मादाय काम करणारी बाई पोलिसांकडे आणि संस्थांकडे खेटे घालून थकली आणि शेवटी प्राणिदया संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. मुलीला 'प्राणी' ठरवून सोडवलं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं झालं नाही. बर्ग यांनी खाजगी नागरिक म्हणून हस्तक्षेप केला आणि वकील एल्ब्रिज गेरी यांनी कोर्टाकडून मुलीला हजर करण्याचा हुकूम मिळवला. मुलीने स्वतः न्यायाधीशांपुढे साक्ष दिली. कॉनलीला एक वर्षाची शिक्षा झाली. फुलमणीच्या नवऱ्याला जेवढी झाली, तेवढीच. पण मेरी एलन जगली. व्हीलरच्या नातलगांनी तिला वाढवलं, तिने संसार केला, आणि 1956 मध्ये, नव्वदी ओलांडून, ती वारली. तिच्या एका मुलीचं नाव एटा होतं.

त्या खटल्यातून मुलांच्या संरक्षणासाठी पहिली संस्था निघाली, तिचं अनुकरण लिव्हरपूल आणि लंडनमध्ये झालं, आणि 1889 चा इंग्रजी कायदा त्या खटपटीचं फळ. आपल्याकडे 1891 च्या कायद्यामागे अशी कुठलीच संस्था नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, पण ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या अर्भकांसाठी. लग्न झालेल्या मुलीला दार उघडं ठेवणारं घर नव्हतं. सरकारही कायदा करून लगेच सबुरीच्या सूचना देऊ लागलं.

काय झालं ते 1928 मध्ये नेमलेल्या समितीने पाहिलं. तिचे अध्यक्ष वऱ्हाडातले नेमस्त पुढारी सर मोरोपंत जोशी. सदस्यांत रामेश्वरी नेहरू होत्या. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, आणि तिला आढळलं, की असा काही कायदा आहे हेच बहुसंख्य लोकांना माहीत नाही. मधल्या काळात, 1925 मध्ये, वय बाराचं तेरा झालं होतं, तेही कुणाच्या गावी नव्हतं. कारणं समितीने नेमकी ओळखली. फिर्याद देणार कोण? मुलगी लहान, आईबाप लग्न लावून देणारे, सासरचे आरोपी. जन्माची नोंद धड नाही, म्हणजे वय सिद्ध करणं कठीण. आणि नवरा तुरुंगात गेला तर मुलीने जायचं कुठे, याला उत्तर नाही. म्हणून समितीने लग्नाचंच वय वाढवा असं सुचवलं. तरीही एका जागी ती अडखळली. पंधराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा गुन्हा मानावा, पण त्याला बलात्कार म्हणू नये, 'वैवाहिक गैरवर्तन' म्हणावं, असं तिने लिहिलं.

शारदा कायदा 1929 मध्ये झाला: मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल 1 एप्रिल 1930 पासून. मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. पाळण्यातल्या मुलींचीही लग्नं उरकली गेली. हायकोर्टात फुलमणीचं वय महिन्यांत मोजलं गेलं होतं. आता आईबाप पंचांगात मोजत होते.

दंडसंहितेतला अपवाद मात्र टिकून राहिला. 1949 मध्ये त्यातलं वय पंधरा झालं आणि तिथेच अडलं. 2012 चा 'पॉक्सो' कायदा अठराखालील प्रत्येकाला बालक म्हणत असतानाही पंधरा ते अठरामधली विवाहित मुलगी या अपवादात अडकून राहिली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, तेव्हा केंद्र सरकारचं म्हणणं असं होतं, की बालविवाह ही देशातली सामाजिक वस्तुस्थिती आहे आणि अशा 2 कोटी 30 लाख बालवधू असताना नवऱ्यांना गुन्हेगार ठरवणं योग्य नाही. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी ते मानलं नाही. 11 ऑक्टोबर 2017 रोजी त्यांनी अपवादातले पंधरा खोडून अठरा केले.