697 कुणाला चालतं?

शहरातली बस नाकावरच्या नावावरून ओळखू नये, इंजिनाच्या नंबरावरून ओळखावी, असं आमच्या थेरगावच्या घरात मानलं जायचं. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते पिंपरी-चिंचवडच्या बससेवेत इंजिनाच्या कामावर होते. ही सेवा 1974 साली सुरू झाली. पुण्याची पीएमटी आणि ती मिळून 2007 साली पीएमपीएमएल झाली. शेजारचे अण्णा टेल्कोच्या, म्हणजे टाटांच्या वाहन कारखान्याच्या, टूलरूममधले. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले की विषय ठरलेला: कुठलं काय कुणाला चालतं.

थेरगावच्या डांगे चौकात बससाठी उभं राहणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नसे. पूर्वी कारखान्यातून यायची ती नुसती चासी. बॉडी दुसरीकडे बांधली जायची. पत्रा, खिडक्या, बाकडी, रंग सारखे केले की टाटा आणि लेलँड शेजारी उभ्या केल्या तरी प्रवाशाला फरक कळत नसे. आबांना मात्र वळणावरून गाडी दिसायच्या आधीच आवाजावरून कळायचं.

त्या आवाजामागे दोन देशांची घडण होती. टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला. तो 15 वर्षं चालला. मद्रासच्या अशोक मोटर्सचं 1955 साली अशोक लेलँड झालं, इंग्लंडच्या लेलँडशी हातमिळवणी करून. करार संपले तरी मापं राहिली. टाटाच्या इंजिनावर 697 असायचं. त्यातला 6 म्हणजे सिलिंडर, 97 म्हणजे बोअरचे, सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 128चा, म्हणून एकूण 5675 सीसी. त्याच्या आधीचं 692, म्हणजे बोअर 92चा. लेलँडच्या 370चा अर्थ वेगळाच. ते 370 घनइंच, लिटरमध्ये सुमारे 6. म्हणजे दोन्ही इंजिनं सहा सिलिंडरची, ताकदीनं आसपासची, पण एकाचा आकडा सिलिंडर मोजायचा आणि दुसऱ्याचा पोट.

एकाच्या जागी दुसरं बसवायचं म्हटलं तर फ्लायव्हीलचं हाउसिंग जुळत नाही, क्लच जुळत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट जुळत नाही, चासीवरची माउंटिंगची भोकंही जुळत नाहीत. टायर आणि बॅटऱ्या तेवढ्या इकडच्या तिकडे.

पान्यांची गोष्ट आबा फार रंगवून सांगायचे. लेलँडचे जुने नट इंचात, टाटाचे मिलिमीटरमध्ये, म्हणून पेटीत दोन संच. नवा पोरगा कामाला आला की त्याची परीक्षा इथेच व्हायची. सहा सुताचा नट म्हणजे पाऊण इंच, 19.05 मिलिमीटर. त्याला 19चा पाना बिनदिक्कत लावा. पाच सुताचा 15.88, त्याला 16चा चालतो. अर्ध्या इंचाचा मात्र 12.7. त्यावर 13चा पाना बसतो, पण सैल. जाम नटावर जोर दिला की पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं. साडेचार सुताला तर 14चा जातच नाही आणि 15चा गरगर फिरतो. हे कुठल्या फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. ज्याची बोटं सोलवटली त्याच्या ते कायमचं लक्षात राहिलं.

अण्णा यात एक बारकावा घालायचे. छोट्या टाटा गाड्यांतलं 497 चार सिलिंडरचं, बोअर तोच 97. त्यात 100 स्ट्रोकचं 2956 सीसीचं इंजिन आलं आणि 128 स्ट्रोकचं 3783 सीसीचंही. हे दुसरं म्हणजे 697चे दोन सिलिंडर कमी केलेलं सख्खं भावंड. पण बोअर एक म्हणून पिस्टनही चालेल असं धरू नका, असं ते बजावून सांगत. टर्बोच्या पिस्टनचा माथा निराळा, कम्प्रेशन निराळं. आकडा नातं सांगतो, हमी देत नाही.

बसच्या आगारात इंजिन उघडून दुरुस्त करत बसत नाहीत. सकाळची फेरी चुकता कामा नये, म्हणून चेन-पुलीने अख्खं इंजिन उचलून बाहेर काढतात, तयार ठेवलेलं बसवतात आणि उतरवलेलं सावकाश उघडतात. त्यासाठी एकाच जातीची पुरेशी इंजिनं हाताशी हवीत. कायद्यालाही ही रीत ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार किमान 10 वाहतूक वाहनांच्या मालकाला परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. मुख्य अट: त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन. आपल्या भोसरीतली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था 1967पासून उभी आहे. देशभरच्या परिवहन महामंडळांना लागणारे सुटे भाग तिथे तपासले जातात. कुठलं काय कुणाला चालतं याचा शास्त्रोक्त निवाडा आमच्या ओट्यापासून थोड्याच अंतरावर होत होता.

पण खरी गुंतागुंत उघडलेल्या इंजिनात असते. क्रँक झिजला की तो ग्राइंड करतात, पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग पाऊण. त्याच मापाची जाड बेअरिंग त्याला लागतात. म्हणजे कारखान्यातून जुळ्यासारखी निघालेली दोन 697 इंजिनं काही वर्षांत आतून एकमेकांना परकी होतात. बाहेरून अख्खं इंजिन कुठल्याही त्या जातीच्या गाडीत बसेल, पण याचं बेअरिंग त्याला चालणार नाही. आबा हे एका वहीत टिपून ठेवत: इंजिन नंबर, क्रँक किती उतरला, बोअर कितवा, हेड कधी उतरवला. माझ्या मते ही वही म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहासच आहे. कारखान्यांचे इतिहास करार आणि उद्घाटनांवर थांबतात. माल कारखान्याबाहेर पडल्यावर तो वर्षानुवर्षं चालता ठेवणाऱ्यांचं नाव कुठे येत नाही.

पुढे नाती आणखी विस्कटली. 1993 साली टाटा-कमिन्स झाली. मग एकाच टाटा नावाच्या गाडीत कधी 697, कधी कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन निघू लागलं. नाकावरचं नाव एक, आतलं काहीच जुळेना. लेलँडकडे जपानच्या हिनोची इंजिनं आली. सीएनजीत इंजेक्टर जाऊन स्पार्क प्लग आले. धुराचे नवे नियम, बीएस-4, बीएस-6, येत गेले तसं लोखंडाबरोबर संगणकही जुळावा लागू लागला.

2019 साली निगडीच्या भक्ती-शक्ती आगारातून विजेच्या बस निघाल्या. मी आबांना मुद्दाम घेऊन गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "याची बॅटरी त्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालते का रे?"

"नाही आबा. पॅक वेगळा, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं. दुरुस्तीसुद्धा करारात पुरवठादाराकडेच असते."

"म्हणजे वही त्यांच्याकडे," ते म्हणाले.

मला ते लागलं, कारण बरोबर होतं. आता मी आबांची वही उतरवून काढतोय. अक्षर वळणदार आहे, पण खुणा त्यांच्या त्यांनाच ठाऊक. "अं. 50" म्हणजे अर्धा मिलिमीटर अंडरसाइज, एवढं कळलं. एका पानावर नुसतं "हेड बदली, जुना चालला" असं आहे. कुणाचा जुना, कुणाला चालला, ते लिहिलेलं नाही. रविवारी विचारायचंय.