नवशिक्यांची शिकार आणि उंबरखिंड

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या कर्जतच्या घरीं रोज रात्रीं एक पराभव होत असे. माझा भाचा सुटींत राहावयास आला होता. जेवणें आटोपलीं, कीं तो आपल्या खोलींत पडद्यापुढें बसे. त्याचे तीन मित्र, एक नाशकास, एक नागपुरास आणि एक थेट सिंगापुरास, आपापल्या घरीं तसेच बसत. आणि हे चौघे वीर मिळून एका महाकाय श्वापदाच्या शिकारीस निघत. तासाभरानें भाचा पडलेल्या चेहऱ्यानें बाहेर येई. हा खेळ जपानांतला असून त्याचें नांव ‘मॉन्स्टर हंटर’ असें आहे. कॅपकॉम या कंपनीनें तो २००४ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून त्याचीं एकाहून एक मोठीं रूपें निघत आलीं आहेत.

मला अशा खेळांची गोडी नाहीं; परंतु त्याचा एक नियम कानीं आला आणि मी सावध झालों. बहुतेक मोहिमांत चार शिकाऱ्यांच्या टोळीला सगळ्यांत मिळून दोनच वेळां पडण्याची मुभा असते. तिसऱ्यांदा कोणी पडला, कीं मोहीम फसली. तें पडणें तिघांचें असो कीं एकाच उतावळ्याचें असो, फळ चौघांनाही भोगावें लागतें.

“मग तुमच्यांत उतावळा कोण?” असें मीं विचारलें.

भाचा हंसून म्हणाला, “मामा, चौघेही.”

मीं त्याला सांगितलें, “तुझ्या श्वापदाविषयीं मला कांहीं ठाऊक नाहीं. पण अशाच एका शिकारीची जागा येथून फार लांब नाहीं. रविवारीं चल माझ्याबरोबर.” आणि त्याप्रमाणें आम्ही खोपोलीवरून पालीच्या रस्त्यानें निघून खालापूर तालुक्यांतील चावणी या गांवापाशीं जाऊन उतरलों.

कर्जत आणि खालापूर हे तालुके आपल्या परिचयाचे आहेत असें मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशास वाटतें. कर्जतच्या फलाटावर तो वडा घेतो, घाटांतील बोगदे मोजतो, नाहीं तर द्रुतगती मार्गानें खालापूर मागें टाकून पाहतां पाहतां वर चढतो. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि तेव्हांपासून सह्याद्री ओलांडणें हें श्रमाचें काम उरलें नाहीं. म्हणूनच घाट म्हणजे काय, हें आपण विसरलों आहों. पूर्वीं घाट म्हणजे एक दरवाजा असे. तो कोणाच्या हातीं आहे, यावर वरचा देश आणि खालचें कोंकण या दोहोंचें भवितव्य अवलंबून असे. लोणावळ्याजवळील कुरवंडे गांवाहून नागफणीच्या सुळक्याच्या बगलेनें जी वाट खालीं उतरते, ती या चावणीच्या बाजूस येते. तिच्या पुढें टेंकड्यांच्या बेचक्यांतून जी अरुंद वाट निघते, ती उंबरखिंड.

आतां काळ पाहा. १६६० च्या मे महिन्यांत शाएस्तेखान पुण्यांत येऊन बसला. ऑगस्टांत चाकणचा किल्ला मोंगलांनीं घेतला. दुसरीकडे, सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून शिवाजीमहाराज जुलैंत निसटले होते खरे. परंतु सप्टेंबरांत पन्हाळगड आदिलशाहीच्या हवालीं करावा लागला. दोन बलाढ्य सत्ता दोन बाजूंनीं चालून आल्या होत्या, आणि दोहोंशीं एकाच वेळीं उघड्या मैदानांत झुंजावें एवढें बळ महाराजांपाशीं नव्हतें. कल्याण-भिवंडीचा मुलूख मात्र १६५७ पासून त्यांच्याकडे होता. तेवढा काढून घ्यावा, म्हणून शाएस्तेखानानें कारतलबखान नांवाच्या उझबेक सरदारास कोंकणांत उतरण्याची आज्ञा केली. त्याच्याबरोबर अमरसिंह चौहान, मित्रसेन, सर्जेराव गाढे असे नामांकित सरदार होते. आणि माहूरची एक शूर स्त्री होती, जिला ‘रायबाघन’, म्हणजे राजव्याघ्री, असा किताब होता. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं ही फौज घाट उतरूं लागली.

या प्रसंगाचें वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत आलें आहे. परमानंद महाराजांच्या पदरचा कवि. तेव्हां स्तुतीचा अंश वजा करूनच तो वाचला पाहिजे. मोंगलांची फौज अनेक पटींनीं मोठी होती, एवढें मानण्यास मात्र हरकत नाहीं.

खिंडीच्या तोंडाशीं उभे राहून मीं भाच्यास विचारलें, “या दिवशीं शिकारी कोण होता आणि श्वापद कोण होतें?” तो क्षणभर घोंटाळला. कारतलबखानाचीही हीच चूक झाली होती. आपण शिकारीस निघालों आहों अशा भ्रमांत तो खालीं उतरला. वस्तुतः हत्तीघोडे, तोफा आणि सामानसुमान यांनीं जड झालेलें प्रचंड श्वापद म्हणजे त्याचीच फौज होती. आणि शिकारी भोंवतालच्या झाडींत, श्वास रोखून, तिची वाट पाहत होते.

नवशिक्यानें येथें पहिला धडा घ्यावयाचा तो जागेचा. भाचा सांगत होता, कीं श्वापद दिसलें रे दिसलें कीं चौघेही तरवारी उपसून धांवतात. तें कोठें वळतें, कोठें थबकतें, झेप घेण्यापूर्वीं मान कशी मागें घेतें, हें कोणी पाहत नाहीं. महाराजांना हा मुलूख तळहाताप्रमाणें ठाऊक होता. खालापुराजवळचें चौक हें नेतोजी पालकरांचें गांव मानलें जातें. म्हणजे त्यांचा सरनोबतही याच मातीचा होता. जावळीच्या रानांत १६५९ सालीं अफजलखानास याच रीतीनें ओढून आणलें होतें. बलाढ्याला त्याच्या मैदानांत गांठूं नये, आपल्या अडचणींत येऊं द्यावें, हा त्या शिकवणीचा सारांश.

दुसरा धडा थांबण्याचा. पहिला स्वार दृष्टीस पडतांच कोणी बाण सोडला असता, तर मागची फौज वरच्यावर परतली असती. सर्व सैन्य खिंडींत शिरेपर्यंत एकही हात हलला नाहीं. या डोंगरांतील जुन्या लोकांना हें नवें नव्हतें. रानडुकरासाठीं हाका निघे, तेव्हां कांहीं गडी एका अंगानें आरडाओरडा करीत येत आणि कांहीं जनावराच्या वाटेवर निःशब्द दबून बसत. बसणाऱ्यांपैकीं एकानें घाई केली, कीं साऱ्या गांवाची शिकार बुडे. १९७२ च्या कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तें योग्यच झालें. पण त्या हाक्यांतली शिस्त विसरण्याजोगी नव्हती. हाका घालणाऱ्यालाही वाट्यांत भाग मिळे; कारण ज्यानें जनावर मारलें त्याच्याइतकाच, ज्यानें तें वाटेवर आणलें तो शिकारी, हें सर्वांना मान्य असे.

यांतूनच तिसरा धडा निघतो, तो कामांच्या वांटणीचा. खेळांत कोणी लांब तरवार घेतो, कोणी दुरून मारा करतो, आणि एक हत्यार तर असें आहे, कीं तें शिंगासारखें वाजवून सोबत्यांना बळ द्यावयाचें. आमच्या वीरांपैकीं तें शिंग कोणालाच नको होतें! चौघेही लांब तरवारी घेऊन एकाच पायाशीं गर्दी करीत आणि एकमेकांच्या वारांनीं धडपडत. उंबरखिंडींत पुढची वाट रोखणारे निराळे होते, परतीची वाट अडविणारे निराळे, उतारावरून बाण, गोळ्या आणि दगड यांचा वर्षाव करणारे निराळे. रणवाद्यें वाजलीं आणि सर्व बाजू एकदम उठल्या. कोणी कोणाच्या आड आला नाहीं.

चवथा धडा शिदोरीचा. परमानंदानें तहानेचें वर्णन केलें आहे. दाट रान, कोंदलेली हवा, वाऱ्याचा लवलेश नाहीं, आणि पाण्यावांचून व्याकुळ झालेले लोक. फौजेचें निम्मं बळ शत्रूनें नव्हे, तर या तहानेनेंच घेतलें असावें. आम्ही भर उन्हांत तेथें उभे होतों. भाच्यानें आपली पाण्याची बाटली हलवून पाहिली, ती रिकामी होती. निघण्यापूर्वीं खाऊनपिऊन घ्यावें, हत्याराची धार गेली कीं मागें सरून ती लावून घ्यावी, आणि जखमेवरचें औषध श्वापदाच्या जबड्यासमोर उभे राहून पिऊं नये, हा त्याच्या खेळांतलाही नियमच आहे. फक्त तो कोणी पाळत नव्हतें.

आणि शेवटचा धडा माघारीचा. तो शिकविला रायबाघनीनें. खानाने फौज घेऊन या रानांत शिरणें हीच चूक झाली, येथें शौर्य दाखविणें म्हणजे सर्वांचा नाश करणें आहे, तेव्हां अभय मागून लोक वांचवावे, असें तिनें त्याला स्पष्ट बजावलें. खानानें तें ऐकलें. जवळचें धन आणि सामान सोडून त्याला निघून जावें लागलें. परंतु उरलेली फौज जिवंत परतली. एकाच्या उतावळेपणाचें फळ सर्वांनीं भोगलें, आणि एकीच्या शहाणपणानें अनेक वांचले. त्या पराभूत छावणींत खरी जाणती शिकारी तीच होती, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

येथें गोष्ट संपविली, तर ती गोड होईल. परंतु इतिहास तेथें थांबला नाहीं. महाराज नेतोजींना मोंगलांच्या तोंडावर ठेवून दक्षिण कोंकणांत उतरले. आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत मोंगलांनीं कल्याण घेतलेंच. तें पुढें कित्येक वर्षें त्यांच्याकडे राहिलें. एका शिकारीनें रान मोकळें होत नाहीं. शाएस्तेखानाला पुणें सोडावयास लावण्यासाठीं १६६३ च्या एप्रिलांतील लाल महालाची रात्र उजाडावी लागली. आणि तेथेंही उपाय तोच होता: थोडे लोक, ओळखीची जागा आणि नेमकी वेळ.

परततांना भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, “मामा, वर झाडींत जे बसले होते, त्यांचीं नांवें कोठें मिळतील?” सेनापतींचीं नांवें राहतात, उतारावर दबून बसलेल्यांचीं बहुधा राहत नाहींत, असें मला सांगावें लागलें. त्याच्या खेळांत पडलेला गडी पुन्हां छावणींतून उठून येतो. या खिंडींत, दोन्ही बाजूंचा, जो पडला तो उठला नाहीं. नवशिक्यांचे धडे आज खेळांत इतके स्वस्त मिळतात. त्या काळीं त्यांची किंमत फार होती.

त्या रात्रीं चौघे पुन्हां निघाले. भाच्यानें तरवार ठेवून शिंग उचललें होतें. श्वापद त्या रात्रींही निसटलें. पण तिघांपैकीं कोणी एकदांही पडला नाहीं, आणि भाचा बाहेर आला तो हंसत आला.